निषेध कुणी करायचा?

१ नोव्हेंबर जवळ आला की बेळगावात मराठी आणि कन्नड वर्तमानपत्रांच्या पानांवर एक शब्द हमखास भेटतो. मराठी पानावर 'निषेध फेरी'ची बातमी असते: फेरी कुठून निघणार, कुठल्या गल्ल्यांतून फिरणार, सांगता कुठे होणार. प्रशासनाने जमावबंदी लावली असेल तर कन्नड पानावर तिचे नाव असते 'निषेधाज्ञे'. शब्द एकच, संस्कृतातून दोघांनीही जसाच्या तसा उचललेला. पण मराठीत निषेध करणारा रस्त्यावर असतो आणि कन्नडमध्ये निषेध करणारा कचेरीत, सही-शिक्क्यासह. एक जण हात वर करून नको म्हणतो, दुसरा हुकूम काढून नाही म्हणतो. हा निव्वळ शब्दकोशातला योगायोग समजून सोडून देता येईल, आणि सीमाभागात दोन्ही भाषा सहज बोलणाऱ्या माणसाला या दोन अर्थांची अडचण होतही नाही. तरीही या फरकात 'निषेध करणे' या क्रियापदाचा सारा स्वभाव दडलेला आहे असे मला वाटते. ज्याच्या हाती थांबवण्याचा अधिकार नाही त्याचे हे क्रियापद आहे. ते कुणाच्या तोंडी शोभते, कुणाच्या तोंडी पोकळ वाटते आणि कुठे त्याचे रूपांतर भलत्याच गोष्टीत होते, हे बेळगाव-निपाणीच्या सीमावादाच्या सत्तर वर्षांइतके स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

मूळ शब्द पाहिला तर कन्नड माणूस परंपरेला अधिक धरून आहे हे मान्य करावे लागते. 'नि' आणि 'सिध्' मिळून अर्थ होतो रोखणे, मागे हटवणे. मीमांसकांनी वेदवाक्यांचे विधी आणि निषेध असे प्रकार पाडले. 'हे कर' तो विधी, 'हे करू नको' तो निषेध. कलंज खाऊ नये, हे त्यांचे निषेधाचे नेहमीचे उदाहरण. तिथे बोलणारा वेद आहे. ऐकणाऱ्याने ऐकायचे आहे. हिंदीने हाच अर्थ ठेवला, म्हणून रेल्वेच्या डब्यात 'धूम्रपान निषेध' लिहिलेले असते आणि ते वाचून कुणा मराठी प्रवाशाला सिगारेटविरुद्ध घोषणा द्याव्याशा वाटत नाहीत. कन्नडमध्ये प्लास्टिकवर बंदी आली की बातमीचा मथळा सरळ 'प्लास्टिक निषेध' असा असतो. हेच मराठीत 'सरकारने प्लास्टिकचा निषेध केला' असे लिहून पाहा: मंत्रिमंडळ हातात फलक घेऊन पिशव्यांसमोर उभे आहे असे चित्र डोळ्यांसमोर येते. मराठीतही जुना अर्थ पुरता मेलेला नाही. 'निषिद्ध' म्हणजे आपण अजून वर्ज्यच समजतो, आणि ज्याला कसला विधिनिषेध उरलेला नाही अशा माणसाबद्दल बोलताना मीमांसकांची जोडी नकळत तोंडी येते. विशेषण जुन्या घरी राहिले, सामासिक शब्दही राहिला. क्रियापद तेवढे उठून रस्त्यावर आले.

ते का आले असेल, याचा अंदाज बांधणे अवघड नाही. बंदी घालण्याची ताकद असलेला माणूस बंदी घालतो आणि मोकळा होतो. ती ताकद नसलेला एवढेच म्हणू शकतो की, माझ्या हातात असते तर हे मी होऊ दिले नसते. अशा वेळी तो बंदीचाच शब्द उचलतो, पण तो हुकूम म्हणून न उच्चारता मत म्हणून उच्चारतो. इंग्रजी अमदानीत सभा, ठराव आणि शिष्टमंडळे यांचा रिवाज मराठी मुलखात रुजला. १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. सुरुवातीची भाषा अर्ज-विनंत्यांची होती. विनंतीत समोरच्याचा अधिकार मान्य असतो आणि त्याचा निर्णयही मान्य करण्याची तयारी असते. निषेधात अधिकार नाइलाजाने मान्य असतो, निर्णय मात्र मान्य नसतो. ही मधली जागा दाखवायला शब्द हवाच होता. कन्नडने तिथे दोन शब्द वापरले. रस्त्यावर उतरून विरोध करणे म्हणजे 'प्रतिभटने'. प्रतिभट म्हणजे समोर उभा ठाकलेला योद्धा. आणि शब्दांनी दोष देणे म्हणजे 'खंडने'. मराठी माणसाला खंडन म्हटले की दाव्याला पुराव्याने दिलेले उत्तर आठवते. कन्नड पुढारी 'खंडिसुत्तेने' म्हणतो तेव्हा तो निषेध करत असतो. म्हणजे निषेध आणि खंडन हे दोन्ही संस्कृत शब्द सीमेवर येऊन अर्थ बदलून बसले आहेत. मराठीने विरोध आणि दोषारोप या दोन्ही कामांना 'निषेध' हा एकच शब्द लावला. ही काटकसर सोयीची आहे, पण तिची किंमत काय पडते ते पुढे येईलच.

या क्रियापदाची जडणघडण पाहायची तर निषेधाच्या ठरावाचे वाक्य जवळून वाचावे. गावसभा असो, शिक्षकांची संघटना असो की वकिलांचा संघ, त्याचा साचा ठरलेला असतो: 'अमुक तारखेला अमुक ठिकाणी अमक्याने केलेल्या अमुक कृतीचा ही सभा तीव्र निषेध करत आहे.' या वाक्याचा कर्ता एकटा माणूस नाही, 'ही सभा' आहे. सूचक एक, अनुमोदक दुसरा, पण वाक्य उच्चारते ती सभा, आणि हात वर होताच ते प्रत्येकाचे होते. दुसरे म्हणजे 'चा' हा प्रत्यय जोडलेला आहे कृतीला. करणाऱ्याचे नाव त्या कृतीच्या आत, तिची ओळख पटवण्यापुरते येते. तिसरे, तारीख आणि ठिकाण. ती नसतील तर निषेध हवेत राहतो. आणि चौथे, हे वाक्य कुठल्याही घटनेची बातमी देत नाही. ते उच्चारणे हीच घटना. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्डमध्ये व्याख्याने दिली, त्यांत अशा वाक्यांची वेगळी जात दाखवली होती: वचन देणे, नाव ठेवणे, माफी मागणे, जिथे बोलणे हेच करणे असते. 'मी निषेध करतो' हे त्याच जातीचे वाक्य. ते खरे की खोटे असे विचारता येत नाही. ते नीट केले की वाया गेले एवढेच विचारता येते. मराठीने त्याला 'नोंदवणे' हे क्रियापदही जोडून दिले आहे. निषेध नोंदवला जातो, म्हणजे तो कुठेतरी लिहून राहावा अशी अपेक्षा असते.

शेजारचे शब्द या चौकटीत बसत नाहीत. निंदा ही मराठीत पाठीमागे होते आणि तिच्यात निंदकाची स्वतःची खोड थोडी दिसतेच. हिंदीत मात्र 'कडी निंदा' हा सरकारी थाटाचा शब्द आहे, आणि हल्ली मराठी बातम्यांतही तो शिरतो तेव्हा कानाला खटकतो. धिक्कार त्याहून गरम. 'धिक्' हा उद्गार आहे, थुंकल्यासारखा, त्याला कारण द्यावे लागत नाही आणि तो कृतीपेक्षा माणसाला लागतो. म्हणूनच माणूस स्वतःचाही धिक्कार करू शकतो. स्वतःचा निषेध करतो म्हणाला तर लोक हसतील. गंमत अशी की बेळगावच्या चौकात दोन्ही भाषांच्या घोषणांत समान असलेला शब्द हाच. मराठी मोर्चा 'धिक्कार असो' म्हणतो, कन्नड मोर्चा 'सरकारक्के धिक्कार' म्हणतो, आणि दोघांनाही एकमेकांचे भाषांतर लागत नाही. शिव्या आणि धिक्कार सीमा ओलांडून सहज जातात; कारणे द्यायची वेळ आली की भाषा वेगळ्या होतात.

आता सीमाभागाकडे. १९४६ च्या मे महिन्यात बेळगावात मराठी साहित्य संमेलन भरले, अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला तिथे संघटित रूप आले. बेळगाव त्या वेळी मुंबई इलाख्यात होते. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाचा अहवाल आला, आणि १६ जानेवारी १९५६ ला मुंबई केंद्रशासित होणार हे पंतप्रधान नेहरूंनी जाहीर केले. दुसऱ्या दिवशी, १७ जानेवारीला, बेळगावात लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. मारुती बेन्नाळकर, मधू बांदेकर, महादेव बारागडी, लक्ष्मण गावडे आणि निपाणीच्या कमळाबाई मोहिते ही नावे सीमाभागात दर हुतात्मा दिनाला घेतली जातात. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्य पुनर्रचना कायदा अमलात आला आणि बेळगाव, विजापूर, धारवाड, कारवार हे जिल्हे म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेले. कन्नड जनतेच्या दृष्टीने अनेक राज्यांत विखुरलेला आपला मुलूख एका छताखाली आला, म्हणून तो राज्योत्सव. महाराष्ट्र एकीकरण समितीने तोच दिवस काळा दिन म्हणून पाळायला सुरुवात केली. बरेच जण विसरतात की 'एकीकरण' हा शब्दही दोघांचा आहे. १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन बेळगावात भरले, तेव्हा कर्नाटक एकीकरणाची परिषदही तिथेच झाली होती. एकाच गावात, एकाच शब्दाने, दोन मुलखांनी स्वतःला जोडून घ्यायचे ठरवले.

काळ्या दिनाची फेरी धर्मवीर संभाजी उद्यानापासून निघते आणि मराठा मंदिरात सभेने संपते. अंगावर काळे कपडे किंवा दंडावर काळी फीत, आणि वाहन म्हणून सायकल. पूर्वीपासून तिचे नाव 'मूक सायकल फेरी' असे आहे, जरी प्रत्यक्षात घोषणा होतात. हे मूकपण मला महत्त्वाचे वाटते. ज्या गावात त्याच दिवशी, काही फर्लांगांवर, राणी चन्नम्मा चौकात लाल-पिवळे झेंडे नाचत असतात, तिथे दुसऱ्याच्या उत्सवात विघ्न न आणता आपले नको म्हणणे नोंदवायचे तर तोंड मिटून, सायकलवरून, काळ्या कपड्यांत जाणे ही चांगली तोड होती. काळा रंग या कामासाठी देशात आधीच रुळलेला होता: १९२८ मध्ये सायमन आयोगाला काळे झेंडे दाखवले गेले, आणि ३० नोव्हेंबर १९५७ ला नेहरू प्रतापगडावर शिवपुतळ्याच्या अनावरणाला आले तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीने वाटेत काळ्या झेंड्यांची निदर्शने केली. निषेध आणि अडवणूक यांतला फरक त्या पिढीच्या पुढाऱ्यांना पक्का ठाऊक होता. पंतप्रधान गडावर गेले, अनावरण झाले. काळे झेंडेही दिसले.

यावर पहिला आक्षेप कन्नड शेजाऱ्याचा, आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. तो म्हणेल, तुम्ही ठरावाच्या व्याकरणात काहीही म्हणा, माझ्या राज्याच्या जन्मदिवशी तुम्ही काळे कपडे घालता, म्हणजे तुम्ही माझाच निषेध करता. महाराष्ट्रात १ मे रोजी कुणी असे केले असते तर तुम्हाला काय वाटले असते? काय वाटले असते हे सांगायला नकोच. पण त्याला उत्तरही आहे. काळ्या दिनाच्या निषेधाची कृती नेमकी सांगता येते: १९५६ मध्ये मराठी बहुसंख्य गावे, लगतच्या मराठी मुलखाशी सलग असूनही, म्हैसूरमध्ये घातली गेली. महाराष्ट्राची बाजू खेडे हा घटक, भाषिक बहुसंख्या आणि भौगोलिक सलगता या कसोट्यांवर उभी आहे, आणि त्या कसोट्या कन्नड गावांनाही तितक्याच लागू पडतात. या सीमावादासाठी १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात बेळगाव शहर म्हैसूरमध्येच ठेवले. पण निपाणी, खानापूर, नंदगड यांच्यासह २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे कर्नाटकाला द्यावीत असे सुचवले. म्हणजे रेषा चुकली आहे हे त्या आयोगालाही काही ठिकाणी दिसले. महाराष्ट्राने तो अहवाल फेटाळला. कर्नाटकाने तो आहे तसा लागू करा म्हटले. ज्या निषेधाला असा गावागणिक हिशेब आहे तो भाषेचा निषेध ठरत नाही. मात्र शेजाऱ्याच्या आक्षेपाचा एक अंश उरतोच, आणि तो शब्दातूनच येतो. विरोध आणि दोषारोप या दोन्हींना एकच क्रियापद लावल्याची ती किंमत. निर्णयाला विरोध करणारा माणूस समोरच्याला दोष देतो आहे असा भास होतो, आणि सभेत एखाद्या वक्त्याचे भान सुटले तर तो भास खराही ठरतो.

त्या भासापासून हे क्रियापद अगदी मोकळे राहिले तर काय होते, हे निपाणीने दाखवले आहे. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी भावासाठी पुणे-बंगळूर महामार्गावर ठिय्या दिला. व्यापारी तंबाखूचा दर पाडून घेतात आणि सरकार बघत बसते, हा मुद्दा होता. रस्त्यावर बसलेल्यांत मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारे शेतकरी होते, कारण वखारीतल्या तराजूला भाषा नसते. एप्रिलमध्ये पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले. सीमाप्रश्नाच्या इतिहासात या आंदोलनाला फारशी जागा मिळत नाही, आणि मिळायला हवी होती असे माझे मत आहे. याच भागातल्या माणसांनी इथे एका कृतीचा निषेध केला आणि तिच्या आड कुणाची मातृभाषा आली नाही. १९८६ चे आंदोलन उलट भाषेवरूनच झाले, पण तिथेही विषय नेमका होता. शाळेत आणि कारभारात होणारी कन्नड सक्ती नको, असे म्हणणे आणि कन्नड नको असे म्हणणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्या जूनमध्ये बेळगाव तालुक्यात गोळीबारात नऊ जण गेले; त्यांचे स्मारक हिंडलग्याला आहे. 'सक्ती' हा शब्द तिथे सगळा भार पेलतो. तो काढला की निषेधाचे कारणच निघून जाते.

दुसरा आक्षेप मराठी घरातूनच येतो. सत्तर वर्षे दर १ नोव्हेंबरला तोच निषेध, त्याच रस्त्याने. याचा आता नुसता सण झाला आहे. एकीकरण समितीचे आमदार एकेकाळी निवडून यायचे, २०२३ च्या विधानसभा निवडणुकीत एकही आला नाही. तरुणांना नोकरी बंगळूरला मिळते, मुलांना कन्नड येते, मग फेरीचे प्रयोजन काय? शिवाय शब्दही झिजला आहे. कुणी मित्रमंडळींत जेवणाचे ताट दाखवले की लोक थट्टेने 'णिषेध' म्हणतात, तो मुद्दाम 'ण' लावून. पण मतदान आणि निषेध यांना एकाच मापाने मोजणे मला पटत नाही. मतदार मत देताना रस्ते, पाणी, उमेदवार, जात आणि भांडणे असे सगळे पाहतो. समितीतल्या गटबाजीला कंटाळून त्याने मत दुसरीकडे टाकले म्हणून १९५६ चा निर्णय त्याला पटला असे होत नाही. आणि पुनरावृत्तीला एक कारण आहे, जे कोर्टकचेरीत वावरणाऱ्या कुणालाही कळेल. घरपट्टीवर वाद असला तर लोक ती 'हरकत राखून' भरतात. न बोलता भरली तर ती मान्य केली असे धरले जाते. मौन म्हणजे संमती, हा समज आपल्याकडे व्यवहारात इतका मुरलेला आहे की नको म्हणणाऱ्याला ते पुन्हा पुन्हा म्हणावे लागते. बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचे सुवर्ण विधानसौध २०१२ मध्ये उभे राहिले, १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचे नाव अधिकृतपणे बेळगावी झाले; त्याच वर्षी जुलैत बेळगावजवळच्या येळ्ळूर गावचा 'महाराष्ट्र राज्य' फलक न्यायालयाच्या आदेशावरून हटवला गेला आणि पाठोपाठ गावकऱ्यांनी लाठ्या खाल्ल्या. एका बाजूने घट्ट होत जाणाऱ्या या वस्तुस्थितीसमोर वर्षातून एक सायकल फेरी फार मोठी गोष्ट नाही, हे खरे. ती बंद पडली तर मात्र तिचे बंद पडणे हीच मोठी बातमी होईल.

शिवाय अधिकारी वर्ग तिला रिकामा सण मानत नाही. २०११ मध्ये बेळगावच्या महापौर आणि उपमहापौरांनी काळ्या दिनाच्या कार्यक्रमात भाग घेतला आणि त्या डिसेंबरात सरकारने महापालिकाच बरखास्त केली. अलीकडच्या वर्षांत फेरीला परवानगी नाकारणे, तरीही ती निघणे आणि मग आयोजकांवर गुन्हे दाखल होणे असा क्रम पडला आहे. मराठीत गुन्हाही नोंदवला जातो आणि निषेधही. एकाच दिवशी एकाच घटनेच्या दोन नोंदी, एक पोलिस ठाण्याच्या वहीत आणि दुसरी सभेच्या इतिवृत्तात. कुणी म्हणेल की सरकारी पदावर बसलेल्याने राज्याच्या स्थापनादिनाचा निषेध करणे औचित्याला सोडून आहे. या म्हणण्यात तथ्य आहे. महापौराच्या खुर्चीत थोडा का होईना अधिकार असतो, आणि अधिकाराबरोबर हे क्रियापद अवघडते. पण त्याला उत्तर म्हणून निवडून आलेली अख्खी पालिका घालवणे म्हणजे मराठी निषेधाला कन्नड अर्थाच्या निषेधाने गप्प करणे.

हे क्रियापद सर्वांत वाईट रीतीने कुठे वाया जाते, तेही इथेच दिसते. ऑक्टोबर २००५ मध्ये बेळगाव महापालिकेने महाराष्ट्रात विलीन होण्याचा ठराव केला. पुढच्या महिन्यात महापौर विजय मोरे बंगळूरला गेले असता कन्नड संघटनेच्या कार्यकर्त्यांनी त्यांच्या तोंडाला काळे फासले. ठरावात निषेध करण्याजोगे त्यांना जे वाटले असेल, ते मांडायला खंडने आणि प्रतिभटने असे दोन शब्द त्यांच्याजवळ होते. त्यांनी माणसाचे तोंड निवडले. डिसेंबर २०२२ मध्ये बेळगावजवळच्या हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या मालमोटारींवर दगड पडले, आणि त्याचा 'निषेध' म्हणून पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांवर काळा रंग फवारला गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगाव भागात कर्नाटकाच्या एका बसवाहकाला भाषेवरून मारहाण झाली आणि पाठोपाठ चित्रदुर्गात महाराष्ट्राच्या बसचालकाला काळे फासले गेले. या सर्व प्रसंगांना दोन्हीकडची वर्तमानपत्रे निषेधाचे नाव देतात, आणि इथे माझी हरकत आहे. बसगाडीने कुठलीही कृती केलेली नसते. चालकाने सीमारेषा आखलेली नसते. ज्या वाक्यात 'अमुक कृतीचा' हे पद भरताच येत नाही, तिथे निषेध हे क्रियापद बसत नाही. तो धिक्कार असतो, तोही चुकीच्या माणसाचा. काळी फीत आणि काळे फासणे यांत रंग एक असला तरी पहिल्यात माणूस काळा रंग स्वतःच्या अंगावर घेतो. ज्यांनी मूक फेरी सुरू केली त्यांना हे समजले होते.

मग अधिकार असलेल्यांचा निषेध? २२ डिसेंबर २०२२ ला बेळगावात भरलेल्या अधिवेशनात कर्नाटक विधानसभेने ठराव करून महाराष्ट्राने सीमावाद उकरून काढल्याबद्दल दोष दिला आणि एक इंचही जमीन देणार नाही असे जाहीर केले. २७ डिसेंबरला नागपुरात महाराष्ट्र विधिमंडळाने एकमताने ठराव करून ८६५ गावांची मागणी पुन्हा मांडली आणि कर्नाटकाच्या मराठीविरोधी भूमिकेचा निषेध केला. पाच दिवसांत दोन सार्वभौम थाटाच्या सभागृहांनी तेच केले जे गावच्या चावडीत होते. त्यांची बाजू घ्यायची तर असे म्हणता येईल की राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार घटनेच्या तिसऱ्या कलमाने संसदेला दिला आहे, विधानसभेला नाही. म्हणजे याबाबतीत आमदारही सायकलवाल्याइतकाच हतबल. सीमेपुरते हे बरोबर आहे. पण सीमाभागातल्या माणसाचे रोजचे दुखणे फक्त सीमेचे नसते. ज्या तालुक्यात वा शहरात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा त्याहून अधिक असतील, तिथे महत्त्वाची सरकारी परिपत्रके आणि नियम त्यांच्या भाषेतही मिळावेत, हे देशात फार पूर्वी मान्य झालेले धोरण आहे. सातबाऱ्याचा उतारा आणि ग्रामपंचायतीची नोटीस वाचता येण्याचा हा प्रश्न. तो सोडवणे कर्नाटक सरकारच्या हाती आहे. सीमाभागातल्या विद्यार्थ्यांचे प्रवेश आणि मराठी शाळा-वाचनालयांना मदत या गोष्टी महाराष्ट्र सरकारच्या हाती आहेत. ज्या गोष्टी करता येण्याजोग्या आहेत त्यांच्याबद्दल मंत्र्याने 'तीव्र शब्दांत निषेध' केला की तो अधिकार हातात असून बिनअधिकाराचे क्रियापद वापरतो. त्या डिसेंबरात महाराष्ट्राचे दोन समन्वयक मंत्री बेळगावला जाणार होते. दौरा पुढे ढकलला गेला, निषेध मात्र वेळेवर झाला. बेळगावच्या मराठी माणसाला मुंबईहून येणाऱ्या निषेधाचा जो थोडा कंटाळा आलेला दिसतो, त्याचे कारण हेच असावे.

निषेधाची भाषा जिथे अजिबात चालत नाही असे एक ठिकाण आहे, आणि हा वाद सध्या तिथेच आहे. महाराष्ट्राने २९ मार्च २००४ रोजी घटनेच्या १३१ व्या कलमाखाली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. दाव्यात वादी आणि प्रतिवादी असतात, कारणे असतात, पुरावे असतात आणि शेवटी न्यायालयाकडे काय मागितले आहे त्याची प्रार्थना असते. निषेध करतो असे तिथे लिहिले तर कुणी वाचणारही नाही. कृती, तारीख, ठिकाण आणि कारण, म्हणजे चांगल्या निषेधाला जे जे लागते ते सगळे तिथे लागते. फक्त क्रियापद बदलते, आणि नाही म्हणण्याचा खरा अधिकार असलेला कुणीतरी समोर बसलेला असतो. कर्नाटकाचे म्हणणे असे की सीमा हा संसदेचा विषय आहे, न्यायालयाला तो ऐकताच येत नाही. दावा चालवता येतो की नाही, या पहिल्या पायरीवरच तो वर्षानुवर्षे अडून आहे.